दंड भरला म्हणजे फिटले का?

भातकापणी आणि झोडणी आटोपली की रोहा आणि पेण तालुक्यांत कबड्डीच्या स्पर्धांना जोर येतो. कोलाडच्या आसपासची, कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरची मंडळे एखाद्या मैदानावर जमतात. त्यांतल्या कितीकांची नावे ग्रामदैवताची किंवा मारुतीची असतात. प्रकाशझोतात सामने रात्री उशिरापर्यंत रंगतात, आणि ते बहुधा बाद पद्धतीचे असतात. व्यावसायिक लीगमध्ये साखळीतला एखादा सामना हरला तरी पुढचा असतो. इथे हरलेला संघ त्याच रात्री टेम्पोत बसून गावाला परततो. त्यामुळे मोठ्या लीगच्या प्ले-ऑफमध्ये वर्षातून एकदाच टोकाला जाणारा प्रश्न इथे जवळपास प्रत्येक सामन्यात समोर येतो. सामना हातचा निसटतो आहे. समोरच्या चढाईपटूला नियम मोडून, जाणूनबुजून, दणक्याने आडवे केले तरच तो वाचेल. शिक्षा होणार हे माहीत आहे, ती भोगायची तयारीही आहे. मग आडवे करावे की नाही? ज्याने दंड कबूल केला आहे त्याच्याकडे आणखी काय मागायचे? वरवर पाहता हा पंचांच्या नियमपुस्तकातला प्रश्न आहे, पण त्याच्या मुळाशी धर्मविचाराचा फार जुना प्रश्न आहे: कर्माचे फळ भोगायला तयार असलेला माणूस त्या कर्मातून मोकळा होतो का? प्रतिस्पर्ध्याच्या शरीराचे रक्षण करणारा नियम दंड भरून मोडण्यासाठी नसतो, असे माझे म्हणणे आहे. बाद सामन्यात तर तो अधिकच जपावा लागतो, कारण त्या दिवशी दंड तेवढाच राहतो आणि जिंकण्याचे मोल वाढते.

आधी नियमांकडे पाहू. कबड्डीतले नियम ढोबळमानाने दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीचे नियम खेळाला आकार देतात: पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, चढाई ३० सेकंदांची, एका दमात, निदानरेषा ओलांडलीच पाहिजे, झटापट झाल्याशिवाय राखीव पट्ट्यात पाय पडला की बाद. दुसऱ्या जातीचे नियम देहाला जपतात. चढाईपटूचा दम तोडण्यासाठी त्याचे तोंड दाबायचे नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची घालून त्याला धरायचे नाही, केस किंवा कपडे ओढायचे नाहीत, दुखापत होईल अशी दांडगाईची पकड करायची नाही. पहिल्या जातीचा नियम मोडला तर गुण जातो, फार तर खेळाडू बाद होतो, आणि हिशेब तिथेच मिटतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण यांच्यातला अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद पेटला. राखीव पट्ट्यात कोण, कधी आणि स्पर्शाविना गेला एवढाच मुद्दा होता, आणि त्यापायी खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. रेषेवरच्या पावलासाठी आपण तासभर भांडतो. गळ्याभोवती पडलेल्या हाताचा निकाल मात्र काही सेकंदांत लागतो, आणि तो लागला की सगळे ते विसरतात. कोणता नियम आपल्याला खरोखर महत्त्वाचा वाटतो, हे यातून दिसते.

या दोन जातींत फरक का करायचा, याचे उत्तर कबड्डीच्या घडणीतच आहे. जुन्या काळी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते. गामिनीत बाद झालेला खेळाडू परत येत नसे, अमरमध्ये तो बाहेरच जात नसे, आणि संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होई. आज जगभर खेळली जाते ती संजीवनी. म्हणजे ज्या खेळात 'मेला' आणि 'जिवंत झाला' असे शब्द मैदानावर सहज ओरडले जातात, त्या खेळाने मरण तात्पुरते ठेवले आहे. जे गमावले ते परत मिळू शकते. सगळा संघ बाद होऊन लोण चढला तरी सातही जण पुन्हा मैदानात येतात. याच आश्वासनाच्या भरवशावर एकटा चढाईपटू सात जणांच्या अंगणात शिरतो. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला तर मात्र दुसऱ्या बाजूचे कितीही गडी बाद होवोत, तो सांधला जात नाही. दांडगाईची पकड संजीवनीच्या खेळात गामिनीचे मरण आणते, आणि तेही खेळाबाहेरच्या आयुष्यात. चढाईपटू ज्या कराराने आत आला, तो करारच ती मोडते. म्हणून दुखापत करणारा नियमभंग हा इतर नियमभंगांपेक्षा थोडा मोठा एवढेच नाही. तो वेगळ्याच जातीचा आहे.

आता दंडाकडे वळू. एखाद्या गोष्टीची किंमत ठरते तेव्हा ती देणाऱ्याला ती गोष्ट घ्यायचा हक्क मिळतो. शिक्षेचे तसे नसते. शिक्षा सांगते की हे करायचेच नव्हते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, दोन्हींत काहीतरी द्यावे लागते, म्हणून त्यांची गल्लत होते. इस्रायलमधल्या हैफा शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी १० बालवाड्यांमध्ये २० आठवडे एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही बालवाड्यांनी छोटासा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी साधारण दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही पहिल्यासारखा खाली आला नाही. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याचा संकोच वाटत होता. दंड आल्यावर ती विकत घ्यायची सेवा झाली. मैदानावर नेमके हेच घडते. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी, आणि तेवढा वेळ संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते, ही रचना शिस्तीसाठी केलेली आहे. पण प्रशिक्षक जेव्हा मनात हिशेब मांडतो की त्यांचा हुकमी चढाईपटू गेला आणि आपला एक कोपरारक्षक दोन मिनिटे बाहेर बसला तरी सौदा परवडेल, तेव्हा त्याने कार्डाची किंमतपट्टी केलेली असते. या सौद्यात एक पक्ष गैरहजर आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दंड भरतो एक संघ, त्याचा फायदा मिळतो दुसऱ्या संघाला, आणि पाय मोडतो तिसऱ्याचा, ज्याला कोणी विचारलेले नसते. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती जे पडलेच नाही, त्याला भरपाई कसे म्हणायचे?

बाद सामन्यात हा सौदा आणखी मोहक होतो. साखळी सामन्यात दोन मिनिटे बाहेर बसणे आणि अंतिम सामन्यात दोन मिनिटे बाहेर बसणे, नियमाच्या लेखी सारखेच. पण साखळीत त्या दोन मिनिटांनी एखादा सामना वाचेल, अंतिम सामन्यात चषक, रोख बक्षीस आणि वर्षभराचा मान वाचतो. दंड जागच्या जागी आणि लाभ कित्येक पटींनी वर, म्हणजे ज्या दिवशी मोह सर्वांत जास्त त्याच दिवशी अपराध सर्वांत स्वस्त. 'फायनल आहे, थोडे चालायचेच' असे म्हणणारे पंच आणि प्रेक्षक तो आणखी स्वस्त करतात. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलने ही गोष्ट काही अंशी ओळखली आहे. तिथे अनावश्यक आणि धोकादायक धक्क्याला फ्लॅग्रंट फाउल म्हणतात. पहिल्या प्रकारच्या फाउलचा एक शिस्तगुण खेळाडूच्या नावावर चढतो. दुसऱ्या प्रकारच्या फाउलचे दोन, आणि सामन्यातून हकालपट्टीही. नियमित हंगामात पाचाहून अधिक गुण झाले की निलंबन होते. प्ले-ऑफमध्ये ही मर्यादा तीनवर येते. तिथला प्ले-ऑफ हंगामापेक्षा लहान असतो, हे मर्यादा कमी असण्याचे एक कारण आहेच. पण मुद्दा असा की त्या काळात झालेला गुन्हा त्या सामन्यापुरता मिटत नाही, तो पुढच्या सामन्यात खेळाडूच्या मागे येतो. आपल्या गावच्या स्पर्धांत बहुधा रात्रीबरोबर कार्डही संपते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कबड्डी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. धक्क्याची भीती असेल त्याने घरी बसावे. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. घोट्याची पकड, मांडीची पकड, साखळी करून केलेला घेराव, हे सगळे कठोर आहे आणि त्यात इजा होऊ शकते. पण आक्षेप घेणारा जोखीम आणि मारहाण एकत्र करतो. चढाईपटूने स्वीकारलेली जोखीम नियमांनी आखलेल्या खेळाची आहे. घोट्यावर पकड पडेल हे गृहीत धरून तो आत जातो. गळा आवळला जाईल हे गृहीत धरत नाही, कारण ते होणार नाही असे नियमाने त्याला सांगितलेले असते. शिवाय खेळ कठोर आहे म्हणून तर देह जपणारा नियम जास्त लागतो. बुद्धिबळाला गळा न आवळण्याच्या नियमाची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप महाभारतातून येतो, आणि आपल्याकडे तो फार आवडीने मांडला जातो. गदायुद्धात नाभीखाली प्रहार करायचा नाही असा नियम होता. भीमाने दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा मारली, आणि तीही कृष्णाच्या संमतीने. प्रत्यक्ष भगवंतानेच निर्णायक क्षणी नियम बाजूला ठेवला, तर कोलाडच्या मैदानावरचा बचावपटू कोण लागून गेला? पण व्यासांनी पुढे काय लिहिले ते पाहावे. दोघांचाही गुरू असलेला बलराम तिथे होता. तो नांगर उगारून भीमावर धावला, कृष्णाने त्याला आवरले, भीमाची प्रतिज्ञा आणि दुर्योधनाला मिळालेला शाप सांगून समजूत घातली. बलरामाची समजूत पटली नाही. भीम जगात कपटाने लढणारा म्हणून ओळखला जाईल, असे बजावून तो द्वारकेला निघून गेला. विजय पांडवांकडे राहिला, पण डागही राहिला. पुढची रात्र तर अधिक बोलकी आहे. झोपलेल्या छावणीवर चालून जाताना अश्वत्थामा कृपाचार्यांना जे कारण देतो त्याचा मथितार्थ हाच की धर्माचा बांध पांडवांनी आधीच फोडला आहे, आता मला कोण अडवणार? द्रौपदीचे पाच पुत्र त्या रात्री मेले. एका नियमभंगाने पुढच्या नियमभंगाला तयार सबब पुरवली. पहिल्या सत्रातल्या दांडगाईचे उट्टे दुसऱ्या सत्रात निघते, ते याच न्यायाने. आणि युधिष्ठिराला अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीच्या अर्धसत्यापायी शेवटी नरकाचे दर्शन घडलेच. युद्ध जिंकल्याने ते चुकले नाही. जिथे राज्य, द्रौपदीचा अपमान आणि वनवास-अज्ञातवासाची तेरा वर्षे पणाला होती, तिथेही व्यासांनी नियमभंगाला निष्कलंक ठरवले नाही. चषकासाठी तो निष्कलंक कसा ठरेल?

तिसरा आक्षेप न्यायाच्या अडचणीचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. हेतू मनात असतो. पंचांना दिसते ती फक्त कृती. मनाचा निवाडा करायला गेले तर निरपराध भरडला जाईल, आणि फक्त कृती पाहिली तर दोषी सुटेल. २००७ च्या एनबीए प्ले-ऑफमध्ये फीनिक्स सन्स आणि सॅन अँटोनियो स्पर्स यांच्या मालिकेत ही अडचण उघडी पडली. चौथ्या सामन्याच्या अखेरीस स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने सन्सच्या स्टीव्ह नॅशला जोराचा धक्का देऊन गुणलेखकांच्या टेबलावर आपटले. ते पाहून सन्सचे आमारे स्टॉडमायर आणि बोरिस डियाव राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून पुढे आले. बाक सोडायचा नाही हा नियम कडक होता. हॉरीला दोन सामन्यांची बंदी आली, पण या दोघांनाही एकेका सामन्याची. मालिका तेव्हा २-२ अशी होती. पाचवा सामना स्पर्सने ८८-८५ असा जिंकला आणि मालिका ४-२ अशी. अपराध ज्या संघाने केला त्यालाच शिक्षेतून फायदा झाला. यावरून शिस्तच नको असा निष्कर्ष निघत नाही. शिस्त आंधळी असू नये एवढाच निघतो. दंड ठरवताना कोणी इजा केली आणि कोण फक्त उठून उभा राहिला, हा भेद करता येतो आणि केला पाहिजे. कबड्डीतली हिरवी, पिवळी, लाल अशी चढती कार्डे या बाबतीत शहाणी आहेत. पंचांना मन वाचायची गरज नाही. हात कुठे होता, पकड सुटायला हवी होती तेव्हा सुटली का, चढाईपटू मैदानावर टेकल्यानंतरही जोर लावला का, हे डोळ्यांना दिसते आणि निवाड्याला तेवढे बऱ्याच वेळा पुरते.

चौथा आक्षेप म्हणजे एकाच्या अपराधासाठी अख्ख्या संघाने आणि प्रेक्षकांनी का भोगावे. २०१६ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स ३-१ असे पुढे होते. चौथ्या सामन्यात लेब्रॉन जेम्सशी झालेल्या झटापटीनंतर ड्रेमंड ग्रीनचे शिस्तगुण मर्यादेबाहेर गेले आणि पाचव्या सामन्यात तो खेळू शकला नाही. क्लीव्हलंडने तो सामना जिंकला आणि पुढचे दोन्ही जिंकून विजेतेपद ४-३ असे खेचून नेले. ग्रीनच्या निलंबनाने मालिकेचा तोल बिघडवला अशी टीका झाली. पण खेळाडूचे गुण जेव्हा संघाच्या खात्यात जमा होतात तेव्हा कोणी तक्रार करत नाही. अव्वल पकडीचे दोन गुण सातही जण आपले मानतात. जे यश वाटून घेतात त्यांनी अपराधाचा भारही काही प्रमाणात वाटून घेणे न्यायाला धरूनच आहे. शिवाय संघाला झळ बसते म्हणूनच कर्णधार आपल्या तापलेल्या गड्याला वेळीच आवरतो.

इतके सगळे नियम नीट लावले तरी एक कोपरा उरतोच, जिथे पंच पोहोचत नाहीत. तिथे धर्माचे काम सुरू होते, आणि त्या कामासाठी या भागाला दूर जावे लागत नाही. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० साली रोह्याचा. गीतेवर आयुष्य वेचणारी ही दोन माणसे याच दोन तालुक्यांतली. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीता-प्रवचने कर्म आणि विकर्म यांचा खास अर्थ लावतात: बाहेरची क्रिया ते कर्म, आणि त्या क्रियेत आतून ओतलेले मन ते विकर्म. दोन बचावपटूंची घोटापकड बाहेरून अगदी सारखी असेल. एकाचे मन चढाईपटूला मध्यरेषेपासून रोखण्यात आहे, दुसऱ्याचे तो पुन्हा उभाच राहू नये यात. पंचांसाठी ते एकच कर्म, करणाऱ्यासाठी दोन वेगळी कर्मे. इथे कोणी म्हणेल की याच गीतेने अर्जुनाला शस्त्र उचलायला सांगितले, मग जोरदार धक्क्याचेच एवढे काय? पण गीतेने अर्जुनाला फळावर डोळा न ठेवता लढायला सांगितले, आणि ठरवून केलेला अपराध त्या कसोटीवर कधीच उतरू शकत नाही. गळा आवळण्याचे कौशल्य म्हणून कोणी गळा आवळत नाही. तो आवळला जातो केवळ निकालासाठी, म्हणजे खेळणे सोडून देऊन फळाला हात घातला जातो. निष्काम पकड असू शकते, निष्काम दांडगाई असू शकत नाही. आणि हिशेब न करता, संतापाच्या भरात झालेल्या दांडगाईचे काय? माणूस जणू कोणी जबरदस्ती करावी तसा पापाकडे का ओढला जातो, असे अर्जुन तिसऱ्या अध्यायात विचारतो, तेव्हा उत्तरात काम आणि क्रोध ही दोनच नावे येतात. मैदानावरचे बहुतेक अपराध याच दोन नावांखाली बसतात: चषकाची हाव, नाहीतर आधी खाल्लेल्या धक्क्याचा राग.

आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारात त्यांचा जन्मदिवस, १९ ऑक्टोबर, मनुष्य गौरव दिन म्हणून साजरा होतो. माणसाचा गौरव त्याच्या कर्तबगारीमुळे नसून त्याच्या हृदयात ईश्वर वसतो म्हणून आहे, ही त्या विचाराची बैठक. ती मैदानावर आणली तर प्रतिस्पर्धी हा विजयाच्या वाटेतला अडसर राहत नाही. तो आत आला म्हणून तर खेळ होतो. त्याला रोखणे हा आपला स्वधर्म आहे, त्याला मोडणे नाही. ईश्वर न मानणाऱ्यालाही हे पटायला अडचण नसावी, कारण दम घेऊन एकटा आत शिरणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकून शिरतो, एवढे ओळखायला श्रद्धा लागत नाही.

मग करायचे काय? स्पर्धा भरवणाऱ्यांना काही गोष्टी सहज करता येतील. देहाला इजा करणाऱ्या अपराधाचे कार्ड त्या सामन्यापुरते न ठेवता पूर्ण स्पर्धेभर आणि शक्य तिथे पुढच्या स्पर्धेतही मोजावे, म्हणजे अंतिम सामन्यात ते स्वस्त होणार नाही. जखमी खेळाडूच्या उपचाराचा भार दोषी मंडळानेही उचलावा, म्हणजे सौद्यातला गैरहजर पक्ष हजर होईल. तरीही हे सगळे बाहेरचे उपाय आहेत, आणि प्रत्येक बाहेरच्या उपायातून हिशेबी माणूस आपली वाट शोधतो. आतला उपाय मंडळाच्याच हातात आहे: पंचांच्या नजरेतून सुटलेला अपराध आपल्या गड्याने केला हे दिसले, तर त्याला आपण होऊन बाहेर बसवायचे, मग सामना कोणताही असो आणि गुणफलक काहीही सांगो. पंचांनी दाखवलेल्या कार्डांवरून फक्त पंचांची शिस्त कळते. मंडळाची शिस्त कळते ती न दाखवलेल्या कार्डावर त्याने काय केले यावरून.